टोपीची नाडी

गल्लीच्या तोंडाशी जिचं शिवणाचं दुकान होतं, तिला सगळे टेलरताई म्हणत. हात इतका साफ, की कपड्याची उलटी बाजू कुठली नि सुलटी कुठली हे गिऱ्हाइकाला विचारावं लागे. त्या थंडीत तिने उरलेल्या जाड कापडातून लहान मुलांची जॅकेटं शिवायला घेतली. मागे टोपी, टोपीत नाडी, नाडीच्या दोन्ही टोकांना लाकडी मणी. पहिलं जॅकेट तिने स्वतःच्या पोरीला, चार वर्षांच्या ठकीला घातलं. ठकीला ते इतकं आवडलं की जेवतानाही टोपी डोक्यावरून उतरेना. ते बघून शेजारपाजारच्या आयांनी मागणी केली आणि महिन्याभरात तशीच आणखी अकरा जॅकेटं दुकानातून गेली.

रविवारी दुपार कलल्यावर ती ठकीला घेऊन बागेत आली. ठकी घसरगुंडीकडे पळाली, ही समोरच्या बाकावर बसली. मध्ये जेमतेम दहा पावलं. मोबाइल पिशवीत होता. शेजारी कोणी गप्पा मारायलाही नव्हतं. ती एकटक ठकीकडेच बघत होती.

ठकी शिडी चढली, वर बसली, "आई, बघ!" म्हणाली आणि सुटली.

हातभर घसरली नि थांबली.

टेलरताईला हसू आलं. बाईसाहेबांची काहीतरी नवीन नाटकं, असं तिला वाटलं. ठकी पाय झाडत होती. ती रडली असती, हाक मारली असती, तर गोष्ट वेगळी होती. पण आवाजच नव्हता. मग ठकीचे दोन्ही हात गळ्याशी गेले आणि तोंड उघडं राहिलं, तेव्हा टेलरताई उठली. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलंही नव्हतं.

वरच्या कठड्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये बोटभर फट होती. नाडीचा मणी त्या फटीत जाऊन बसला होता आणि पोरीचा सगळा भार गळ्यावर आला होता. टेलरताईला यातलं काही दिसलं नाही. पोर अडकलीय, एवढंच कळलं. तिने ठकीचे पाय धरले आणि जोर लावून खाली ओढलं.

"ओढू नका!" मागून कोणीतरी ओरडलं. "अहो बाई, ओढू नका! वर उचला तिला, वर!"

नातवंडांना घेऊन आलेला एक बसड्रायव्हर होता. चांगला अंगाने भरलेला, पण धावत आला. टेलरताईला त्याचं बोलणं ऐकू येत होतं, अर्थ लागत नव्हता. तिने आणखी एकदा ओढलं. त्याने तिला कोपराने बाजूला सारलं, ठकीच्या काखेत हात घातले आणि तिला वर उचलून धरलं. नाडी सैल पडली.

"आता गळा मोकळा करा! लवकर!"

सुईत एका झटक्यात दोरा ओवणारी तिची बोटं त्या नाडीवर नुसतीच घसरत राहिली. शेवटी ड्रायव्हरनेच एका हाताने जॅकेट ठकीच्या डोक्यावरून उपसून काढलं. पोर त्याच्या खांद्यावर आली. आधी घशातून एक खरखर, मग खोकला, आणि मग रडणं. टेलरताई खाली मातीत बसली. वर जॅकेट तसंच लोंबकळत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गळ्यावरचा लाल वळ तपासला, बॅटरी मारून डोळे बघितले, दोन तास ठेवून घेतलं. "थोडक्यात निभावलं," त्या म्हणाल्या. "ही असली नाडी कोणी लावली?"

"मी," टेलरताई म्हणाली.

घरी आल्यावर ठकीचा बाबा पोरीला पोटाशी धरून बसला. "तू तिथे होतीस म्हणून बरं," तो म्हणाला.

"मी ओढलं तिला."

"अगं, घाबरून—"

"दोनदा ओढलं. तो माणूस नसता तर मीच..." तो उठला, तिला पाणी आणून दिलं आणि ती पिईपर्यंत समोर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना ठकीने विचारलं, "आई, माझे पाय का ओढलेस?"

"चुकलं माझं, बाळा. मला कळलंच नाही."

"दुखलं मला," ठकी म्हणाली आणि पाण्यात हात आपटायला लागली.

त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. मापांची वही काढून टेलरताई एकेका घरी गेली. दारातच सांगायची, कात्री काढायची, नाडी ओढून घ्यायची आणि टोपीला दोन टाके घालून द्यायची. बहुतेक आया ऐकता ऐकताच पांढऱ्याफटक पडल्या. एक जण मात्र म्हणाली, "अहो ताई, त्या मण्यांमुळेच तर गोड दिसतं ते! आणि आम्ही लक्ष ठेवतो की."

"मीही ठेवत होते," टेलरताई म्हणाली. "दहा पावलांवरून बघत होते. हसत होते."

बाई आत गेली आणि जॅकेट घेऊन आली.

ड्रायव्हर बागेच्या कचेरीत तीन खेपा घालून आला, तेव्हा कुठे त्या फटीवर पट्टी जोडली गेली. दहा घरं झाली. अकरावं कुटुंब दुसऱ्या गावी राहायला गेलं होतं. नंबर मिळवण्यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत टेलरताईला घास गोड लागला नाही. फोन लागला तेव्हा तिने नमस्कारही केला नाही, सगळं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडची बाई म्हणाली, "ताई, फोन ठेवू नका. पोरगा आत्ता तेच जॅकेट घालून खाली खेळायला गेलाय."

चपला न घालता जिना उतरणारी पावलं टेलरताईने ऐकली. मग मुलाला मारलेल्या हाका. एक, दोन, तीन. ती फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली. मग एका पोराचा चिडका आवाज आला, "काय गं आई, आत्ताच तर खाली आलो होतो!"

टेलरताई मशीनवर डोकं टेकून रडली. पलीकडून ती बाई विचारत राहिली, "ताई, आहात ना?"