दुसऱ्या दुकानाचा नंबर

"थांबा हं ताई, भिंग कुठे ठेवलंय ते बघतो," असं म्हणून बिस्किटकाकांनी फोन टेबलावर ठेवला. ताईंना पलीकडून खण उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी खाली पडल्याचा.

"काय ताई, नवरदेव हरवले वाटतं?" शेजारच्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली.

"गप गं, चावट कुठली."

एरवी ताई हसल्या असत्या. आज मात्र ते भिंग सापडूच नये, असं त्यांना वाटत होतं.

खाण्यापिण्याच्या वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या चौकशी कक्षात ताई फोन घ्यायच्या. दूध नासलं, अंडी फुटली, पावात केस निघाला, की खापर ताईंच्या डोक्यावर. लोक भांडून मोकळे होत. काका तेवढे निराळे. दर गुरुवारी त्यांचा फोन यायचा आणि प्रश्न एकच असायचा: दुकानाच्या स्वतःच्या नावाने निघणाऱ्या बिस्किटांत जनुक बदललेलं सोयाबीन आहे का? काकांनी पाकिटावरचा आकडा भिंगातून वाचायचा, ताईंनी संगणकात बघायचं आणि सांगायचं, "नाही काका, नाहीये." तसलं काही आपल्या मालात घालायचं नाही, असं दुकानाचं धोरणच होतं. उत्तर कधी बदललं नव्हतं.

तरीही काका विचारायचे, कारण विचारल्याशिवाय त्यांच्या बायकोला, काकूंना, चालायचं नाही. काकूंना अलीकडे फारसं काही आठवत नव्हतं. समोरचा माणूस आपला नवरा आहे, हेसुद्धा कधी आठवायचं, कधी नाही. पण पाकीट दिसलं की "विचारलंत का?" हे मात्र ठाम. काकांनी "हो, नाहीये त्यात" म्हटल्याशिवाय त्या तोंड उघडत नसत. आणि दुधात भिजवलेल्या त्या बिस्किटांशिवाय दुसरं काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"त्या सोयाबीनने खरंच काही होतं का, ते मला विचाराल तर मला ओ की ठो कळत नाही," काका एकदा म्हणाले होते. "पण हिने जन्मभर माझ्या शब्दावर घास घेतलाय. आता तिला कळत नाही म्हणून खोटं कसं बोलू?"

उत्तर मिळालं की काका ताईंची विचारपूस करायचे. आई गेल्यापासून ताई घरी एकट्याच होत्या. दिवसभर बोलून घसा बसायचा आणि घरी गेल्यावर बोलायला भिंतीच. ताईंचा डावा गुडघा दुखतो, हे या जगात फक्त काकांना ठाऊक होतं. त्या गुरुवारची वाट बघायच्या, उगाच कशाला लपवायचं?

आणि याच सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, की ते जुनं धोरण आता बंद. साधं सोयाबीन वेगळं आणून वेगळं ठेवणं परवडत नाही.

"कोणी विचारलंच तर म्हणायचं, आमचा सगळा माल कायद्याप्रमाणे सुरक्षित आहे."

"म्हणजे खोटं बोलायचं?" ताईंनी विचारलं.

"खोटं कुठे, ताई? कायद्याला चालतंच ते. फक्त त्यांनी जे विचारलंय त्याचं उत्तर द्यायचं नाही."

सोमवारपासून ताईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. एवढं एक वाक्य म्हटलं, की काकांचं समाधान होईल, काकू खातील, पुढच्या गुरुवारी फोन येईल. खरं सांगितलं तर ते फोन कशाला करतील?

"सापडलं बघा! उशीखाली होतं," काका आले आणि एकेक आकडा वाचू लागले. ताईंनी तो टिपला. पडद्यावरची 'जनुक बदललेलं सोयाबीन नाही' ही जुनी ओळ गेलेली होती.

"काका, आमचा सगळा माल कायद्याप्रमाणे सुरक्षित आहे."

"म्हणजे नाहीये ना त्यात? तसं सांगू ना हिला?"

ताईंना गप्प बसवेना.

"नका सांगू, काका. आता असू शकतं. आमचं धोरण बदललंय."



"अहो, मग ही खाणार काय?"

ताईंनी आवाज खाली आणला. "स्टेशनसमोर हिरव्या पाटीचं दुकान आहे ना, त्यांचं धोरण अजून जुनंच आहे. मी चौकशी केलीय. तशीच बिस्किटं मिळतात, दुधात विरघळतातही. त्यांचा नंबर देते, लिहून घ्या."

काकांनी लिहून घेतला, परत वाचून दाखवला. "तुम्हाला बोल नाही ना लागणार?"

"लागू दे."

"मग आता गुरुवारी..."

"गुरुवारी तिकडे करायचा फोन."

"बरं," काका म्हणाले. "गुडघा शेकत जा हं." आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी नासलेल्या दुधाचे फोन आले, मुदत संपलेल्या लोण्याचा आला. जेवणाच्या सुट्टीत ताई जिन्यात जाऊन बसल्या. डबा उघडलाच नाही. आपल्या मोबाइलवरून त्यांनी हिरव्या पाटीवाल्यांचा नंबर लावला.

"नमस्कार, काय मदत करू?" आवाज कोवळा होता, नवीनच लागलेली असावी.

"तुमच्याकडे एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन येईल. बिस्किटांचं विचारतील. भिंग शोधायला वेळ लागतो त्यांना, तेवढं थांबाल का?"

"अय्या, आला ना सकाळीच! थांबले की मी. तुम्ही मुलगी का त्यांची?"

"नाही."

"मग कोण?"

सून, पुतणी, भाची, शेजारीण, असं कुठलंच नातं ताईंना सांगता येईना.

"आधी त्यांचा फोन मी घ्यायचे," त्या म्हणाल्या.

"अच्छा. आणखी काही मदत करू?"

"नको."

तरी फोन चालूच राहिला. या धंद्यात फोन आपण आधी ठेवायचा नसतो, समोरच्या गिऱ्हाइकाने ठेवायचा असतो. ती मुलगी नियमाप्रमाणे थांबली होती, ताई सवयीप्रमाणे. पलीकडे तिच्या कक्षातली कुजबुज ऐकू येत होती. मग ताईंच्या लक्षात आलं, की या वेळी फोन आपणच ठेवायचा आहे.