ताउनोनं सॉनात चड्डी घातली

शुक्रवारी संध्याकाळी पेन्तीनं आमची बेल वाजवली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. पेन्ती खालच्या मजल्यावर राहतो, माझ्या नवऱ्याचा, ताउनोचा, लहानपणापासूनचा दोस्त. आधी कळवल्याशिवाय तो सख्ख्या बहिणीकडेही जात नाही. केस ओले, गाल लाल, थेट सॉनातून, वाफेच्या खोलीतून आलेला. कॉफी विचारली तर नको म्हणाला. आमच्याकडे कॉफीला नको म्हणणारा माणूस आजारी तरी असतो, नाहीतर वाईट बातमी तरी आणतो.

पायपुसण्याकडे बघत तो म्हणाला, "राइली, ताउनोनं आज सॉनात चड्डी घातली होती."

"कसली चड्डी?"

"पोहायची. निळी. कुणी काही बोललं नाही."

आमच्या इमारतीच्या तळघरात सॉना आहे, शुक्रवारी पुरुषांची पाळी. ही माणसं जन्मभर तिथं वाफेत उघडीवाघडी बसत आलीत. तिथं चड्डी घालणं म्हणजे कोट घालून अंघोळ करण्यातला प्रकार. जाताजाता पेन्तीनं हळूच विचारलं, ताउनो कुठल्या पंथाबिंथात तर गेला नाही ना.

मला पंथ सुचला नाही, बाई सुचली. म्हटलं, गोंदवून आला असेल कुठल्या भवानीचं नाव भलत्या जागी, म्हणून झाकतोय. एकेक गोष्ट जुळायलाही लागली. तळ्याकाठच्या आमच्या लाकडी घरी आम्ही दोघं एकत्र सॉना घेतो, पण हिवाळाभर हा तिकडे फिरकला नव्हता. कधी पाठ धरली, कधी रस्त्यावर बर्फ. आणि गेला आठवडाभर रोज इमारतीमागच्या शेडमध्ये जाऊन होडीला डांबर लावतो म्हणायचा. अंगाला पाइनच्या लाकडातून काढलेल्या डांबराचा वास यायचा, म्हणून मीही विश्वास ठेवला. अगं बाई, होडी तिकडे तळ्याकाठी बर्फाखाली उपडी पडलीय, एवढं साधं माझ्या डोक्यात येऊ नये? इतकी कशी मी बावळट.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीत घातलं आणि तळ्यावर नेलं. सॉनाची भट्टी मीच पेटवली, चांगले जास्तीचे ओंडके टाकून. महाशय आले ते निळी चड्डी घालूनच. मी काही विचारलं नाही. सॉनात भांडायचं नसतं, आवाज चढवायचा नसतो, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मी आपली मुकाट्यानं तापलेल्या दगडांवर पाणी टाकत राहिले. एक पळी, मग आणखी एक, मग आणखी एक. माझेच कान भाजले, पण ताउनो हूं की चूं करेना. त्या चड्डीच्या नाडीला मात्र टोकांशी पितळी टोपणं होती, आणि पितळ व्हायचं तसं तापलं. हा एकदम बोंब मारून उठला, चड्डी ओढून काढली आणि कोपऱ्यात भिरकावली.

नावबिव काही नव्हतं. सगळं काळंकुट्ट होतं.

मला वाटलं, सडलंच.

"डांबर आहे ते," ताउनो म्हणाला आणि खालच्या फळीवर बसला.

मग एकदाचं बाहेर पडलं. उन्हाळ्यापासून तिथं पांढरा चट्टा होता. खाजायचा, कधी चिरायचा, जायचं नाव घेत नव्हता. दुकानातली मलमं झाली, मग याला आजोबा आठवले. ते म्हणे घोड्याच्या जखमेलाही डांबर लावायचे. होडी टिकते तर हे का टिकणार नाही, असा हिशेब. हसावं की रडावं मला कळेना.

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"डॉक्टर म्हणजे हेली."

हेली पेन्तीची मुलगी, आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर. ताउनोनं तिला पोहायला शिकवलंय, गळाला किडा लावायला शिकवलंय.

"मग, लाज वाटते?"

"लाज कसली त्यात." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "हेलीला काही लपवता येत नाही. मासा निसटला तरी तिच्या तोंडावर दिसायचं. ती तपासणार आणि मी तिच्या तोंडाकडे बघणार. कॅन्सर असला तर मला तिथंच कळेल. मला नाही कळून घ्यायचं, राइली."

त्या मनातल्या बाईवरचा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या घामेजल्या पाठीवर हात ठेवून मी बसून राहिले.

"तिच्या तोंडाकडे मी बघते," मी म्हणाले. "तू छताकडे बघ."

सोमवारी तो छताकडे बघत पडला आणि मी जीव मुठीत धरून हेलीकडे बघत राहिले. तिनं चादर उचलली. ओठ आवळले, मान फिरवली, खांदे हलायला लागले. मग कळलं, पोरगी हसू दाबत होती. होडी समजून लावलंत का ताउनोकाका, म्हणाली, आणि नर्सला चहाच्या खोलीतून मार्जरिनचा डबा आणायला पाठवलं. डांबर त्यानंच निघतं म्हणे. ताउनोच्या त्या जागी पावाला लावतात तसं मार्जरिन चोपडताना पाहण्याचं भाग्य माझ्या नशिबी होतं.

सगळं पुसून झाल्यावर मात्र तिचं हसू गेलं. भिंग लावून खूप वेळ बघत होती. हा कातडीचा जुना आजार आहे, म्हणाली, कुणाकडून येत नाही, कुणाला लागत नाही, कडक मलमानं ताब्यात राहतो. पण एका कडेला जाड झालंय, तिथला बारीक तुकडा काढून तपासायला हवा. कॅन्सर वाटतो का, मीच विचारलं. नाही वाटत, पण वाटण्यावर मी सोडणार नाही, म्हणाली. तिच्या तोंडावरही तेच होतं, बोलली त्याहून जास्त काही नाही. घरी आल्यावर मी ताउनोला तसंच सांगितलं.

निकाल येईपर्यंत त्यानं इतकी लाकडं फोडली की ठेवायला जागा उरली नाही. मग हेलीचा फोन आला. त्यानं ऐकलं, फोन ठेवला, "नाहीये" म्हणाला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसला. मी नळ वाहू दिला. आता मलम लावायचं आणि दरवर्षी दाखवायला जायचं.

त्या शुक्रवारी तो तळघरात चड्डीशिवाय गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला, मार्जरिनसकट. कुणी हसलं नाही म्हणे. पेन्तीनं फक्त दगडांवर आणखी पाणी टाकलं.

पुढच्या शुक्रवारी ताउनो सॉनातून आला आणि मला कॉफी नको म्हणाला.

"पेन्तीनं आज चड्डी घातली होती."

अख्ख्या गावात हेलीला दाखवू न शकणारा एकच पुरुष, आणि तो तिचा बाप.

ताउनो उठला. फ्रिजमधून मार्जरिनचा डबा काढला, त्यानंही डांबर लावलं असलं तर असू दे म्हणून. सोमवारी शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे मीच नेतो त्याला, म्हणाला. मीही येते म्हटलं, तर त्यानं मला थांबवलं.

"तू नको येऊस. पेन्ती छताकडे बघेल. डॉक्टरच्या तोंडाकडे मी बघतो."