कोरड्या नळावरचा टेबलक्लॉथ

पाहुणे येणार म्हटलं की घरातला पसारा पलंगाखाली जातो, आणि त्याच्या पाठोपाठ माणसाची अक्कलही. कॉलेजचं तेच झालं. पंचाहत्तरावा वर्धापनदिन, त्याला माजी विद्यार्थी येणार आणि कॉलेजच्या पुढच्या विकासासाठी खिशात हात घालणार, एवढं कळल्यावर प्राचार्यांनी महिनाभर रंगाशिवाय दुसरा विषय काढला नाही. भिंती रंगल्या, जिने रंगले, उत्साहाच्या भरात नोटीस बोर्डाची काचसुद्धा रंगली.

या धामधुमीत केमिस्ट्रीच्या बाई सर्वांच्या पुढे होत्या. खरं तर त्यांनीच हात आखडता घ्यायला हवा होता, कारण निधी हवा होता तो त्यांच्या प्रयोगशाळेला. तिथले पाइप इमारतीइतकेच म्हातारे. ते गंजले, पाणी झिरपून खालच्या लायब्ररीतली पुस्तकं भिजायला लागली, तेव्हा वरच्या नळांची लाइनच तोडून टाकली होती. विद्यापीठाच्या समितीने बजावलं होतं, की नवी प्रयोगशाळा उभी करा, नाहीतर पुढच्या वर्षीपासून केमिस्ट्रीचे प्रवेश बंद. बाई याच प्रयोगशाळेत शिकल्या होत्या आणि इथेच शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. तिला टाळं लागणार या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पण स्वभावाला औषध नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांच्या आईने त्यांना अक्षरांच्याही आधी शिकवलं होतं. बाईंनी कोपऱ्यातल्या सिंकवर फळी टाकली. फळीवर नणंदेने विणलेला, घरी कधीच न वापरलेला पांढराशुभ्र टेबलक्लॉथ अंथरला आणि नळाच्या पुढ्यात उंच फुलदाणी ठेवली. पाण्याच्या बादल्या कपाटामागे गेल्या. ओल आलेल्या भिंतीवर मोठं कॅलेंडर चढलं. मग दारात उभं राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली, तेव्हा त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

समारंभाच्या दिवशी प्राचार्य पाहुण्याला घेऊन आले. पाहुणा म्हणजे फोड्या. बाईंच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी. हात लावेल ते काचेचं भांडं फोडायचा, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. आता त्याचा औषधांचा कारखाना होता, आणि सगळ्यात मोठी देणगी त्याच्याकडूनच येणार होती.

"वा बाई!" फोड्या दारातच थांबला. "ओळखू येईना की! आमच्या वेळी त्या भिंतीला ओल असायची."

"असायची," बाई म्हणाल्या आणि कॅलेंडरपुढे सरकल्या.

"आमच्याकडे सगळं कसं टापटीप असतं," प्राचार्य म्हणाले.

"दिसतंय ना! मग उगाच इथे कशाला पैसे घालायचे?" फोड्या मोकळेपणाने म्हणाला. "साहेब, तुम्ही गेटवरच्या त्या घड्याळाच्या कमानीचं बोलला होता. तीच करू. चहा झाला की जाहीर करून टाकतो."

प्राचार्यांचा चेहरा आधी पडला आणि मग खुलला. कमान त्यांना मनापासून आवडायची. स्वतःच्या हातांनी चकचकीत केलेल्या खोलीत उभं राहून 'आम्ही अडचणीत आहोत' हे बाईंनी कोणत्या तोंडाने सांगायचं? दोघे चहाला निघून गेले.

बाई खाली मांडवात नवऱ्याजवळ येऊन बसल्या. नवरा निवृत्त होऊन घरी बसलेला, त्यामुळे बोलायला भरपूर वेळ असलेला माणूस. बायकोचा चेहरा पाहून त्याने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"अहो, तो कमानीला पैसे देतोय. म्हणतो, प्रयोगशाळा तर छानच आहे."

"मग बरोबरच म्हणतोय. आजाऱ्याला पावडर लावून डॉक्टरकडे नेलंस, तर डॉक्टर औषध कशाला देईल?"

"चेष्टा सुचतेय तुम्हाला. आता काय त्याच्यापुढे पदर पसरू? आजवर कुणापुढे पसरला नाही."

"पदर नको पसरूस," नवरा म्हणाला. "अंथरलंयस ते काढ."

बाई ताडकन उठल्या. त्यांना राग आला होता, आणि तो नवऱ्याचा नव्हता. चहाच्या टेबलापाशी फोड्याच्या भोवती ही गर्दी. ती त्यांनी वर्गात शिरावं तशी चिरली.

"फोड्या, कप खाली ठेव. माझ्याबरोबर चल."

एवढ्या मोठ्या कारखान्याचा मालक, पण कप ठेवून निमूटपणे मागे चालू लागला. प्राचार्यही काळजीने पाठोपाठ आले.

प्रयोगशाळेत आल्यावर बाईंनी फुलदाणी उचलून प्राचार्यांच्या हातात दिली. टेबलक्लॉथ ओढला आणि फळी काढली. खाली पिवळं पडलेलं, तडकलेलं सिंक होतं.

"हात धू," त्या म्हणाल्या.

फोड्याने नळ फिरवला. काहीच आलं नाही. त्याने पूर्ण फिरवला. नळाने एकदा घरघर केली आणि तो गप्प झाला.

फोड्याने कोटाची बाही वर सारली. मनगटावर जुना, पुसट डाग होता. "बाई, ॲसिड सांडलं होतं तेव्हा तुम्ही माझा हात याच नळाखाली धरला होता. मी ओरडत होतो आणि तुम्ही सोडत नव्हता."

"सोडला असता तर हात गेला असता."

"मग आता कुणाच्या हातावर सांडलं तर?"

बाईंनी कपाटामागून बादल्या ओढून काढल्या. "रोज सकाळी खालून भरून आणते. शिपाई आणतो, पण एक तरी मी स्वतः आणते. माझा जीव राहत नाही." बादल्या त्यांनी सिंकपाशी ठेवल्या. "तू येणार म्हणून लपवल्या. लाज वाटली रे."

प्राचार्यांनी फुलदाणी हळूच खिडकीत ठेवली. मग त्यांनीच कॅलेंडर काढलं. मागची ओल रंगातूनही वर आली होती.

"साहेब, कमान पुढे कधीतरी बघू," फोड्या म्हणाला. "आधी पाणी."

"आधी पाणी," प्राचार्य म्हणाले, आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं.

बाईंनी टेबलक्लॉथची घडी घालून ती काखोटीला मारली आणि तिघे खाली आले. फोड्याने भाषण केलं नाही. नळाची गोष्ट तेवढी सांगितली, देणगी जाहीर केली आणि म्हणाला, "पण एकट्याने होणारं काम नाही हे." लगेच बाई माइकपाशी गेल्या. प्राचार्यांच्या काळजात धस्स झालं.

"मी कधी कुणापुढे पदर पसरला नाही," बाई म्हणाल्या, "आजही पसरणार नाही. नणंदेचा टेबलक्लॉथ पसरते."

त्यांनी खरोखरच तो स्टेजच्या कडेला पसरला. मांडवात हशा उसळला. मग पहिल्या रांगेतली एक डॉक्टरीण उठली. तिच्यामागे एक पिकल्या मिशांचा शिक्षक उठला. पाहता पाहता रांग लागली. कुणी चेक ठेवला, कुणी नोटा ठेवल्या, आणि एकाने व्हिजिटिंग कार्ड ठेवून त्यावर लिहिलं, 'प्लंबिंगचं काम माझ्याकडे.' नवराही रांगेत होता. पाकीट ठेवताना तो हळूच म्हणाला, "तुझ्या नणंदेला काय सांगणार आहेस?"

"सांगेन, शेवटी वापरला म्हणून."

माणसं पांगल्यावर बाई प्रयोगशाळा बंद करायला वर आल्या. बादल्या त्यांनी पुन्हा जागेवर, सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या. दिवे मालवताना त्यांची नजर सिंकवर गेली. फोड्याने नळ तसाच उघडा टाकला होता.

"इतकी वर्षं झाली, पण कार्ट्यात काही फरक नाही," असं पुटपुटत त्या परत फिरल्या आणि त्यांनी नळ घट्ट बंद केला. पाणी आलं तर उगाच वाहून जायला नको.