एकाच फुंकणीचा श्वास

धाकटीच्या दुखण्याला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा थोरलीने पहिला प्रश्न विचारला, "हे हिला कुणी दिलं?"

आता असा प्रश्न कुणी विचारतं का? पण थोरलीचा स्वभावच तसा. घरात पेला फुटला तरी तिला आधी फोडणारा हवा असायचा. बाईंनी समजावलं, की शरीराचे राखणदारच उलटतात आणि नसांवरचं आवरण कुरतडतात. का उलटतात, ते नक्की कुणाला माहीत नाही. लाळेतून पसरणारा एक विषाणू आहे, त्याने तरुणपणी ताप येतो, मानेला गाठी येतात; त्याच्यावर संशोधकांचा दाट संशय आहे. पण तो बहुतेक प्रत्येकाच्याच अंगात असतो, शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांच्या, आणि त्यांना काही होत नाही. तो एकटा पुरत नाही, कुणाकडून आला हेही सांगता येत नाही.

थोरलीने 'लाळ' ऐकलं आणि 'संशय' ऐकलं. पुढचं वाऱ्यावर गेलं.

बापाच्या माघारी दोघी बहिणी काचेचा कारखाना चालवत होत्या. थोरली दुकान बघायची, धाकटी आणि तिचा जोडीदार कारागीर लंबू भट्टीवर. मोठी फुलदाणी एकट्याने होत नाही. एकजण बाकावर बसून फुंकणीच्या, म्हणजे लांब लोखंडी नळीच्या, टोकावरचा वितळलेल्या काचेचा गोळा फिरवतो, आकार देतो, दुसरा फुंकतो, मग अदलाबदल. फुंकणी पुसत बसलं तर काच थिजते, म्हणून ती या तोंडातून त्या तोंडात तशीच जाते. उष्ट्याचा विचार तिथे कुणी केलाच नव्हता.

आणि लंबूला एकदा मान सुजून ताप आला होता. पुढे धाकटीनेही तसल्याच तापाने अंथरूण धरलं होतं. झालं! थोरलीच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की ती गप्प बसेना. तो पाणी कुठल्या पेल्यातून पितो, खोकतो किती, धाकटीकडे बघताना नजर का चोरतो, सगळ्यावर तिचा डोळा. अहो, हाताला मुंग्या येणाऱ्या मैत्रिणीकडे माणूस आणखी कसा बघणार?

धाकटीचं मागणं एकच होतं. हात चालतील तोवर भट्टीपासून हलवू नका. उकाड्याने तिची नजर धूसर व्हायची, बोटं बधिर व्हायची, तरी ती बाक सोडत नव्हती. लंबू तिची बोटं ओळखायचा. ती ढिली पडायच्या आत फुंकणी हातात घ्यायचा.

शेवटी धाकटी तपासणीला गेलेली असताना थोरलीने त्याला काढलंच. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, तिला भट्टीशी एकटी सोडू नका."

चोराच्या मनात चांदणं, थोरलीला वाटलं. उरलेल्या दोघांना, म्हणजे जाड्याला आणि भट्टीवरच्या काकूंना, तिने कारण नीट सांगून टाकलं. रोग तोंडातून येतो, सांभाळून राहा.

धाकटी दोन दिवस बहिणीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन बाकावर बसली. गोळा छान फुगत होता, थोरली दारातून बघत होती. मग धाकटीची बोटं सुटली. तिने फुंकणी जाड्यापुढे केली.

"घे, लवकर."

जाड्याने फुंकणीच्या तोंडाकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला. काकू मागे सरकल्या. जाड्या चाचरत म्हणाला, "ताईच म्हणाल्या ना, लाळेतून येतं म्हणून."

 थोरली धावली, तिने फुंकणी हिसकावली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला तोंड लावून जीव खाऊन फुंकलं. गाल दुखले, डोळ्यांत पाणी आलं. काच एका बाजूला कलून केव्हाच थिजली होती, श्वास आत जाईना.

धाकटीने तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे, ताई. तू लंबूला नाही काढलंस. मला काढलंस."