कपडे वेगळे

पंपघरातल्या नोंदवहीत शेवटचा रकाना होता, 'पाणी बाहेर आले काय?' सव्वीस वर्षं पंपवाल्याने त्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, निरंक. पाणी बाहेर आलं तरी निरंक, नाही आलं तरी निरंक.

त्याआधी एकदाच, नोकरीच्या पहिल्या वर्षी, त्याने खरं लिहून पाहिलं होतं. गटाराचं चेंबर उफाळलं, खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी. तिसऱ्या दिवशी त्यालाच कारणे दाखवा नोटीस आली. तेव्हा मुकादम हसून म्हणाला होता, "अरे, पाणी खाली जातं, कागद वर जातो. आणि वर गेलेला कागद फिरून आपल्याच डोक्यावर पडतो. निरंक लिही आणि सुखाने पंप चालव."

आता त्याच वह्या टेबलावर रचून नगरपालिकेच्या इंजिनिअर मॅडम डोकं धरून बसल्या होत्या. पोरीसारख्या होत्या वयाने, पण दोन रात्रींची झोप नसल्यासारख्या दिसत होत्या.

"काका, तुमच्या वह्या वाचल्या तर आपल्या शहरासारखं सुखी शहर नाही. कधी काही तुंबलंच नाही इथे."

"रोज तेच लिहायची पद्धत आहे मॅडम."

"त्या पद्धतीनेच घात केलाय." त्यांनी समजावून सांगितलं. मैल्याचं आणि पावसाचं पाणी एकाच जुन्या नळातून जातं, म्हणून जोराचा पाऊस आला की गल्ली बुडते. दोन नळ वेगळे करायचे, पंप नवे बसवायचे, तर सरकारी निधीतून एक टक्का व्याजाने कर्ज मिळतं, तीस वर्षांत फेडायचं. बँकेचं व्याज नगरपालिकेला झेपणार नाही. पण निधी मागणारी शहरं शंभर. ज्याची नड मोठी त्याला आधी. "यादीत आपण एकसष्टावे. पैसे पहिल्या विसांना. शुक्रवारपर्यंत दहा वर्षांच्या नोंदी हव्यात, त्या त्या दिवशी लिहिलेल्या."

"गल्लीतल्यांचे फोटो?" मुकादमाने विचारलं.

"पाच मिळाले. त्यातल्या दोनांत पाण्यापेक्षा म्हैस जास्त दिसते."

कोणी हसलं नाही. खालच्या गल्लीतली माणसं पंपवाल्याला नावानिशी माहीत होती. उंबऱ्यावर विटा रचून, पलंगावर पाय घेऊन बसणारी. तो जेवायला म्हणून घरी गेला, पण जेवला नाही.

स्वयंपाकघराच्या दारामागे एकाच खिळ्याला एकावर एक कॅलेंडरं टांगलेली होती. बायकोची सवय. जुनं काढायचं नाही, वर नवं अडकवायचं. दोऱ्याला पेन्सिलीचा तुकडा बांधलेला. त्यावर ती सगळं लिहायची. गॅस आला. दूध आलं नाही. आणि अधूनमधून, 'कपडे वेगळे'. खाली वेळ.

तो मैल्याने भरून यायचा, त्या दिवशी ती त्याला पुढच्या दाराने घरात घेत नसे. "थांबा तिथेच! आत पाऊल टाकलंत तर बघा." मागच्या दारी बादली तयार. कपडे वेगळे उकळायचे, वेगळे वाळत घालायचे. वर्षाच्या शेवटी ती मोजदाद करायची. "अहो, यंदा एकोणीस. पुढच्या वर्षी वीस झाले तर माहेरी जाईन, ती परत यायची नाही."

पुढच्या वर्षी तेवीस झाले. ती कुठे गेली नाही.

सगळ्यात वरचं कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं. अकरा महिने त्याचं पान त्याने उलटलं नव्हतं. त्याने खिळ्यावरून सगळी उतरवली, पिशवीत घातली. पेन्सिल दोऱ्यासकट तिथेच लोंबत राहिली.

पंपघरात त्याने 'कपडे वेगळे' म्हणजे काय ते सांगितलं, तशा मॅडमनी एकेक पान पाहून तारखा उतरवायला घेतल्या. शेजारी पावसाच्या मोजणीचा कागद ठेवला होता. ज्या दिवशी कपडे वेगळे, त्या दिवशी पाऊस मोठा. एकही तारीख चुकत नव्हती.

"एकशे त्रेचाळीस," त्या शेवटी म्हणाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे जोडायचं तर वह्या खोट्या आहेत हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल. चौकशी लागेल कदाचित. चार महिने राहिलेत ना तुमचे?"

मुकादम उसळला. "म्हातारपणी सत्यवादी व्हायचं सुचलं का रे तुला? पेन्शन अडकली तर खाशील काय? कॅलेंडर?"

"तूही लिहून दे मग. शिकवलंस तूच."

"मी कशाला..." मुकादम म्हणाला आणि पंपाचा आवाज ऐकायला म्हणून बाहेर गेला. पंप बंद होता.

"ही परत मिळतील?" पंपवाल्याने विचारलं.

"निधीवाल्यांना मूळ कागदच लागतात. पोच घेते मी. पण तिथे गेलेलं काही परत आलेलं मी तरी पाहिलं नाही."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "एक तारीख राहिली. मागच्या वर्षीची. वरच्या पानावर सव्वीस. सकाळी सहा ते दुपारी चार."

मॅडमनी पान पाहिलं. चौकोन कोरा होता. त्याच्या पुढचेही सगळे कोरे होते. त्यांनी वही उघडली. निरंक, खाली त्याची सही.

"इथे काही नाही काका. वहीतही नाही."

"वहीत निरंक मीच लिहिलंय. आणि कॅलेंडरवर लिहायला ती नव्हती. दहा वाजता शेजारणीचा फोन आला, हिला दवाखान्यात नेतोय म्हणून. पाणी गल्लीत शिरलं होतं, पंपावर मी एकटा. म्हटलं, उतरलं की येतो. चारला उतरलं. तोवर उशीर झाला होता. लेकीने विचारलं कुठे होतात, तर सांगितलं पंपावर. पण वहीप्रमाणे त्या दिवशी काही झालंच नाही ना."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग हळू विचारलं, "पुरावा काय लिहू?"

"लिहा की त्या दिवशीचे कपडे मी स्वतः धुतले. वेगळे."

मॅडमनी तसंच लिहिलं. एकशे चव्वेचाळीस. मग जबाबाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, चष्मा वर केला.

"खाली तारीख आजचीच टाकायची ना?"

"आजचीच."

त्याने सही केली. रोज वहीत करायचा तशीच.