शिडीच्या पायथ्याशी

टेक्सासच्या सीमेवरल्या लारेडोत ऑगस्टमध्ये घराच्या माळ्यावर चढायचं म्हणजे पेटत्या चुलीत डोकं घालायचं. तरी कुणाला तरी चढावं लागतंच, कारण एसीची मेली यंत्रं तिथेच बसवलेली असतात. म्हणून या धंद्यात एक रीत आहे. एक जण वर, एक जण खाली शिडीपाशी. खालच्याने अधूनमधून झाडूच्या दांड्याने छताला ठोकायचं, वरच्याने पान्याने तुळईवर एकदा ठोकून 'ठीक आहे' म्हणायचं. वरचा ठोकतच राहिला, तर हातातलं टाकून वर धावायचं. आणि खालच्याने शिडी सोडायची नाही. घराला आग लागली तरी नाही.

रामिरो कांतूला ही रीत लालोने शिकवली होती. लालो साठीचा, पोट सुटलेला, तोंडाने फटकळ. पाइप कसा जोडायचा, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन हसायचं कसं, सगळं रामिरो त्याच्याच हाताखाली शिकला. सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं त्याने केलं.

आता रामिरो परीक्षाही पास झाला होता. लायसन्स हाती आलं की स्वतःचा धंदा, स्वतःची गाडी, गाडीच्या दारावर स्वतःचं नाव आणि नंबर. बायकोने, ओफेलियाने, दाराचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. अडलं होतं ते एका सहीवर. 'हा माणूस इतकी वर्षं माझ्या हाताखाली राबला' असं लायसन्सवाल्या मालकाने लिहून द्यावं लागतं, आणि फर्मिन मालक काही सही देईना. कशाला देईल? सही दिली की हक्काचा गडी गेला! आज चष्मा विसरला, उद्या पेन चालत नाही, परवा 'बघू रे, घाई काय आहे?' अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसे रामिरोने धरले होते. वसंतापासून धरले होते.

त्या दिवशी हर्लिंडाबाईंच्या घरी काम होतं. बाई एकट्याच राहायच्या, टीव्हीसमोर.

"काय शेठ, झाली का सही?" शिडी लावता लावता लालोने विचारलं.

"कसली सही! चष्मा सापडत नाही म्हणतो."

"आपला पगार कापताना बरं दिसतं त्याला बिनचष्म्याचं!"

रामिरो हसला. "आज मी जातो वर. तू बस."

"नको, नको. तू मालक होणार, कपडे मळतील." लालोने पाना कमरेला खोचला. "एकदा तुझं लायसन्स येऊ दे. मी तुझ्याकडेच येणार. मग मी खाली झाडू घेऊन राजासारखा बसेन आणि तू वर भाजून निघ."

एवढं बोलून तो धापा टाकत वर गेला.

तासभर झाला असेल. बाहेर हॉर्न वाजला. दारात फर्मिन मालकाची गाडी, काच खाली केलेली.

"कागद आहे ना जवळ? आण, करून टाकतो. सीमेपलीकडे मॉन्टेरेला निघालोय, मग महिनाभर मी सापडायचा नाही."

कागद तर रामिरो रोज खिशात घेऊन फिरत होता. त्याने धावत येऊन छताला ठोकलं. वरून एक टक् आलं.

"लालो, मालक आलाय! सही देतो म्हणतो! दोन मिनिटांत आलो!"

"जा, जा! सही न घेता आलास तर तंगडं तोडीन!"

आणि रामिरोने शिडी सोडली.

गाडीत गार होतं. मालकाने कागद मांडीवर ठेवला, पेन हातात घेतलं आणि बोलायला लागला. नाताळपर्यंत तू मला सोडून जायचं नाहीस. माझी गिऱ्हाइकं फोडायची नाहीत. बारकी कामं तुझी, मोठी माझी. रामिरो प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला. मालक मग स्वतःच्या जुन्या दिवसांवर घसरला, त्याला कसं कुणी काही दिलं नाही त्यावर. रामिरोचा जीव तिकडे शिडीपाशी. 'मालक, लालो वर आहे', चारच शब्द होते. पण ते बोललो आणि याने पेन खिशात घातलं तर? हातातोंडाशी आलेला घास. तो त्या पेनाकडे बघत बसून राहिला.

सही झाली तेव्हा त्याच्या अंगावरचा घाम वाळला होता.

आत टीव्ही मोठ्याने चालला होता. त्याने दांड्याने छताला ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं, जोरात.

"झालं वाटतं त्याचं काम," हर्लिंडाबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "मघाशी केवढं ठोकत होता! मला आवाज वाढवावा लागला."

रामिरोने दांडा टाकला. तो शिडी कसा चढला ते त्याला नंतर कधी आठवलं नाही. लालो तुळईवर पालथा पडला होता. अंग तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. पाना मुठीत तसाच. रामिरोने त्याला ओढत खाली आणलं, अंगावर पाणी ओतलं, हाका मारल्या, ॲम्ब्युलन्स बोलावली. दिवेलागणीच्या आत लालोने दवाखान्यात प्राण सोडला. डोळे त्याने उघडलेच नाहीत.

मालक मॉन्टेरेला गेलाच नाही. सकाळी रामिरोच्या दारात हजर.

"चौकशी होईल," तो म्हणाला. "तू शिडीपाशीच होतास. त्याने ठोकलं नाही, काही नाही. वय झालेलं, हृदय बंद पडलं. मी त्या घराकडे फिरकलोच नव्हतो. कळलं?"

"आणि सही?" रामिरोने विचारलं.

लालोला अजून मूठमाती मिळाली नव्हती, आणि याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा. धिक्कार असो. त्याचं त्यालाच ऐकवेना, पण शब्द निघून गेला होता.

"सही ऑफिसात झाली, आदल्या दिवशी. शिडी सोडलीस हे कळलं तर तुला लायसन्स कोण देतंय?"

चौकशीला साहेब आला. रामिरोने पढवलेलं म्हणून दाखवलं. हर्लिंडाबाईंना कुणी काही विचारलं नाही. टीव्ही बघणाऱ्या म्हातारीला कोण विचारतं?

थंडी पडता पडता लायसन्स आलं. रामिरो ते घेऊन लालोच्या बायकोकडे, एल्वाकडे गेला. का गेला, देव जाणे. एल्वाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली, मक्याच्या पिठाचे तमाले ठेवले.

"आलं तुझं? बरं झालं. फार मनात होतं त्यांच्या." ती समोर बसली. "रामिरो, एक विचारू? ठोकलं होतं का रे त्यांनी?"

"नाही, वहिनी," रामिरो म्हणाला. "एकदम गेला तो. त्रास नाही झाला."

एल्वाने मान हलवली.

"त्या हर्लिंडाबाई आल्या होत्या मातीला," ती म्हणाली. "माझा हात धरून म्हणाल्या, शेवटपर्यंत ठोकत होता बिचारा, केवढा कामसू माणूस. मी म्हटलं, रामिरो होता ना खाली, रामिरो सांगेल मला."

रामिरोने हातातला घास ताटलीत ठेवला.

"आता सांग ना. किती वेळ ठोकत होते रे ते?"

त्याला माहीत नव्हतं. माहीत असायला तो तिथे असायला हवा होता. त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. एल्वा रडली नाही की ओरडली नाही. तिने त्याच्या पुढची ताटली उचलून आत नेली आणि ती परत बाहेर आली नाही.

एल्वाने कुणाला काही सांगितलं नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? हर्लिंडाबाई चर्चमध्ये भेटेल त्याला कौतुकाने तेच सांगत होत्या, 'शेवटपर्यंत ठोकत होता', आणि ऐकणाऱ्यांत धंद्यातली माणसं होती. त्यांना समजवायची गरज नव्हती.

नाताळ उलटला, रामिरोने मालकाला सोडलं. गाडी झाली, दारावर नाव आलं, खाली नंबर आला. उन्हाळा लागला तशी कामं यायला लागली. माणसं मात्र मिळेनात. जास्त मजुरी दिली तरी मिळेनात. विचारायची ती एकच गोष्ट विचारायची.

"मी वर असताना खाली कोण?"

"मी आहे ना."

"मग राहू दे, दादा."

आणि त्याच्या खाली उभं राहायलाही कुणी येईना. म्हणत, ते काम तुझंच होतं, तुला नाही जमलं.

जुलैत एका रिकाम्या घराचं काम निघालं. शिडी त्याने एकट्यानेच लावली, एकटाच वर गेला. कॉइल काढता काढता डोळ्यांत घाम उतरला, सवयीने हात उठला आणि त्याने पान्याने तुळईवर एकदा ठोकलं. मग तो थांबला. उत्तर येईल म्हणून, वेड्यासारखा, कान देऊन बसला. खालून काही आलं नाही. त्याने पुन्हा ठोकलं, आणि मग तो ठोकतच राहिला.