दुधात गेलेला शेवटचा थेंब

काच पुन्हा कोरी निघाली तेव्हा स्नेहलनं सूक्ष्मदर्शकालाच शिवी हासडली, आणि तीही चांगली मोठ्यानं. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

काचेवर चिकटवलेल्या मूत्रपिंडाच्या पातळ कापांत ऑस्टिओपॉन्टिन नावाचं प्रथिन शोधायचं, एवढंच तिचं काम. पेशी ते बाहेर सोडतात आणि ते आजूबाजूच्या जाळ्यात जाऊन बसतं. त्याला नेमकी धरणारी अँटीबॉडी घातली, की तिथं तपकिरी रंग उमटायला हवा. चार महिने झाले, रंगाचा पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेतल्या यशराजचंही याच प्रथिनापायी असंच झालं होतं. "हातात सफाई न्हाय तुझ्या," असं मार्गदर्शक मगदूम सरांनी चारचौघांत सुनावलं आणि पोरगा पीएचडी सोडून इचलकरंजीला वडिलांच्या यंत्रमागांवर जाऊन बसला.

आता स्नेहलची पाळी होती. अँटीबॉडीच्या कुपीत शेवटचा थेंब उरला होता आणि तिचा विषय बंद करायचा फॉर्म सरांच्या टेबलावर तयार होता.

अँटीबॉडी भलतीकडंच चिकटू नये म्हणून कापावर आधी दूध घालायचं आणि अँटीबॉडीही दुधातच मिसळायची, ही सरांची पद्धत. इतर प्रथिनांना ती झकास चालायची. पावडरीच्या दुधावर संशय आला, तसं शिपाई ज्ञानूनं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून म्हशीचं ताजं दूध आणायला सुरुवात केली.

"ताई, समोर पिळून घेतलंय. साय बी काढली. आता कुठं चुकतंय बघू की!"

तिनं शेवटचा थेंब त्या दुधात मिसळला, कापावर घातला आणि कंपनीला कडक तक्रार लिहायला बसली. कुपीचा क्रमांक हवा होता. फ्रिजच्या दाराला डकवलेलं माहितीपत्रक तिनं ओरबाडून काढलं. ते आजवर कुणी वाचलंच नव्हतं. सरांची पद्धत असताना वाचायचं कशाला?

क्रमांकाखाली दोन ओळी होत्या. माणूस, गाय, म्हैस, तिन्हींचं ऑस्टिओपॉन्टिन ही अँटीबॉडी धरते. ती चालते याची खात्री करायची असल्यास हे प्रथिन भरपूर असलेला उत्तम नमुना: दूध.

तिनं त्या ओळी तीनदा वाचल्या. मग धावत जाऊन काच धुतली, पुढचं सगळं रीतसर केलं, पण काप कोराच राहिला. अँटीबॉडी चार महिने आपलं काम चोख करत होती, फक्त कापापर्यंत पोचायच्या आधीच. स्नेहलला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप आला.

सर फॉर्म घेऊनच आत आले. "मिळालं का प्रथिन?"

"मिळालं."

"कुठं हाय?"

तिनं ज्ञानूचं दुधाचं पातेलं त्यांच्यासमोर आदळलं. "ह्यात हाय, सर. पहिल्या दिवसापास्नं." आणि माहितीपत्रक हातात दिलं.

सरांनी चष्मा वर सरकवून वाचलं. बराच वेळ वाचत राहिले. ओळी तर दोनच होत्या.

मग त्यांनी फॉर्मची घडी करून खिशात घातली. "नवी कुपी मागव," ते म्हणाले, पण तिच्याकडं न बघताच. दारापर्यंत जाऊन थांबले.

"स्नेहल, यशराजचा नंबर हाय का गं तुझ्याकडं?"